कोमागाटा मारू (जहाज)

कोमागाटा मारू हे १८९० साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे बांधलेले, वाफेच्या इंजिनावर चालणारे प्रवासी व मालवाहू जहाज होते. मे ते जुलै १९१४ या काळात कॅनडातील व्हँकूव्हर बंदरात या जहाजावरील ३७६ हिंदी प्रवाशांना अडवून ठेवण्यात आले आणि मोजके अपवाद वगळता सर्वांना परत पाठवण्यात आले. या घटनेमुळे जहाजाचे नाव इतिहासात राहिले. घटनेच्या शताब्दीनिमित्त कॅनडाच्या टपाल खात्याने २०१४ मध्ये या जहाजाचे चित्र असलेले टपाल तिकीट प्रसिद्ध केले.

जहाजाचे एकूण आयुष्य सुमारे पस्तीस वर्षांचे होते. त्यात त्याने चार नावे धारण केली, जर्मन व जपानी अशा दोन राष्ट्रांच्या मालकांची चाकरी केली आणि अटलांटिक व प्रशांत या दोन्ही महासागरांत माणसे व माल वाहिला. ज्या प्रवासामुळे ते ओळखले जाते तो त्यातील जेमतेम सहा महिन्यांचा. प्रवाशांच्या लढ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मात्र जहाजाविषयी क्वचितच. प्रस्तुत लेखात जहाजाच्या कामकाजाकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण १९१४ चा पेच समजून घेण्यासाठी भाडेकरार, कोळसा, बंदरे आणि जलमार्ग या गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे.

बांधणी

हे जहाज ग्लासगोच्या चार्ल्स कॉनेल आणि कंपनी या जहाजबांधणी कारखान्यात तयार झाले व ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात सोडण्यात आले. लांबी ३२९ फूट, रुंदी सुमारे ४२ फूट आणि टनभार सुमारे ३,००० टन होता. वेग सुमारे ११ नॉट, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपास. त्या काळातील नामांकित प्रवासी जहाजे याहून कितीतरी मोठी व वेगवान होती. तेव्हा आरामदायी सफरीचे जहाज अशी जी कल्पना 'प्रवासी जहाज' या शब्दाने मनात उभी राहते, ती येथे लागू पडत नाही. मराठीत पूर्वी ज्याला सरसकट 'आगबोट' म्हणत, त्या प्रकारचे हे साधे कामकरी जहाज होते.

त्याचे इंजिन तीन टप्प्यांत वाफ वापरणारे होते. बॉयलरमधून आलेली जास्त दाबाची वाफ प्रथम लहान सिलिंडरमध्ये, नंतर मध्यम आणि शेवटी मोठ्या सिलिंडरमध्ये जाई. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतल्यामुळे कोळशाची बचत होत असे. ही बचत केवळ खर्चाची नव्हती. कोळसा कमी लागला की कोठारे लहान करता येत आणि उरलेली जागा माल व माणसे यांना मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य ऐपतीच्या माणसांना महासागर ओलांडता आला, त्यात या इंजिनाचा वाटा मोठा आहे.

स्टुबेनहुक व सिसिलिया

जहाज बांधून घेतले ते हांबुर्गच्या हान्सा या जहाज कंपनीने. त्याचे पहिले नाव स्टुबेनहुक. हे हांबुर्ग शहरातील एका रस्त्याचे नाव आहे. या कंपनीचा मुख्य व्यवसाय हांबुर्ग व अँटवर्प येथून कॅनडातील क्वेबेक आणि माँट्रिआल या बंदरांकडे स्थलांतरित नेण्याचा होता आणि स्टुबेनहुक याच मार्गावर लावण्यात आले. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठत असल्यामुळे माँट्रिआलचे बंदर त्या काळी काही महिने बंद राही. त्यामुळे ही वाहतूक मुख्यतः वसंत ते शरद या ऋतूंतील होती.

अशा जहाजांची रचना दुहेरी उपयोगाची असे. पश्चिमेकडे जाताना मधल्या डेकवर लाकडी फळ्यांचे दुमजली बाक बसवून मध्य व पूर्व युरोपातील शेतकरी, मजूर आणि कारागीर कुटुंबे नेली जात. या सर्वांत स्वस्त वर्गाला 'स्टिअरेज' म्हणत. परतीच्या वेळी बाक काढून त्याच जागेत धान्य, लाकूड असा माल भरता येई. एका दिशेला माणसे आणि दुसऱ्या दिशेला माल, हा या धंद्याचा पाया होता.

कॅनडा हे जहाजासाठी नवे राष्ट्र नव्हते, ही बाब १९१४ च्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या जहाजातील हिंदी प्रवाशांना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू दिले गेले नाही, त्याच जहाजाने वीस वर्षांपूर्वी कॅनडाच्या पूर्वेकडील बंदरांत युरोपीय स्थलांतरित उतरवले होते. तेही गरीब होते, इंग्रजी न जाणणारे होते आणि स्वस्त तिकिटावर आलेले होते.

१८९२ मध्ये हान्सा कंपनी हांबुर्ग-अमेरिका या बलाढ्य कंपनीत विलीन झाली. नव्या मालकांनी १८९४ मध्ये जहाजाचे नाव बदलून सिसिलिया केले. पुढील जवळजवळ दोन दशके ते याच नावाने चालले. तोवर मोठी व वेगवान जहाजे आली होती आणि तीन हजार टनांचे जहाज अटलांटिकच्या स्पर्धेत मागे पडत गेले.

जपानी मालकी

१९१३ मध्ये शिन्येई किसेन गोशी काइशा या लहान जपानी कंपनीने जहाज विकत घेतले आणि त्याला कोमागाटा मारू हे नाव दिले. युरोपीय कंपन्यांनी बाजूला काढलेली जहाजे विकत घेऊन पूर्व आशियातील कोळसा व इतर माल वाहण्यासाठी वापरणे हा त्या काळी जपानी मालकांचा रूढ व्यवहार होता. 'मारू' हा शब्द जपानी व्यापारी जहाजांच्या नावापुढे परंपरेने जोडला जातो. तो नावाचा अर्थपूर्ण भाग नसून जहाज असल्याची खूण आहे. जपानी उच्चार 'कोमागाता' असा आहे, पण इंग्रजी लेखनावरून मराठीत 'कोमागाटा' हेच रूप रूढ झाले आहे.

१९१४ चा भाडेकरार

अमृतसर जिल्ह्यातील सरहाली गावचे आणि मलाया-सिंगापूर भागात कंत्राटदारी करणारे गुरदितसिंग यांनी २४ मार्च १९१४ रोजी हाँगकाँग येथे हे जहाज भाड्याने घेतले. त्यांनी ते विकत घेतले होते असा समज अनेक ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही. करार सहा महिन्यांचा होता आणि भाडे दरमहा ११,००० हाँगकाँग डॉलर ठरले होते. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ द्यायचे होते व उरलेले हप्ते पुढील दोन महिन्यांच्या आत भरायचे होते.

अशा करारात जहाज, कप्तान आणि खलाशी मालकाचेच राहतात. जहाज कोठे न्यायचे हे भाडेकरू सांगतो व कोळशासारखा प्रवासाचा खर्चही तोच सोसतो. यामुळे जहाजावर दोन सत्ता निर्माण होतात. कोमागाटा मारूवर कप्तान यामामोटो आणि त्यांचे जपानी खलाशी आपल्या कंपनीला बांधील होते, तर प्रवासी गुरदितसिंगांना आपला प्रमुख मानत. व्हँकूव्हरच्या बंदरात पुढे जे घडले त्यात ही दुहेरी व्यवस्था निर्णायक ठरली.

करारानंतर खालच्या डेकची साफसफाई करून तेथे लाकडी बाक व संडास बसवण्यात आले. पाचशेहून अधिक प्रवासी मावतील अशी ही सोय होती. कोळसा व माल वाहणाऱ्या जहाजाचे अशा रीतीने पुन्हा प्रवासी जहाज झाले. जहाजावर गुरुग्रंथसाहिबाची प्रतिष्ठापनाही करण्यात आली होती. गुरदितसिंगांनी या उपक्रमाला 'गुरु नानक जहाज' असे नाव दिले होते आणि शीख समाजात आजही हे नाव आवर्जून वापरले जाते.

हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी गुरदितसिंगांना अटक करून जहाज काही दिवस अडवले, परंतु प्रवासाला कायदेशीर हरकत नसल्यामुळे ते सोडावे लागले. ४ एप्रिल रोजी १६५ प्रवाशांसह जहाज निघाले. शांघाय, मोजी आणि योकोहामा येथे आणखी प्रवासी चढले. मोजी हे जपानचे कोळशाचे मोठे बंदर असल्याने तेथे कोळसा भरण्यात आला. ३ मे रोजी योकोहामा सोडताना जहाजावर ३७६ प्रवासी होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू होते आणि जवळजवळ सर्व पंजाबचे होते.

थेट प्रवासाची अट

कॅनडा सरकारने ८ जानेवारी १९०८ रोजी काढलेल्या हुकुमानुसार, जो स्थलांतरित आपल्या जन्मभूमीहून वा नागरिकत्वाच्या देशातून एकाच सलग प्रवासाने आणि तेथेच काढलेल्या तिकिटावर आला नसेल, त्याला प्रवेश नाकारता येत होता. हुकुमात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते. तथापि हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी जहाजसेवा अस्तित्वातच नव्हती आणि टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या प्रवासाचे सलग तिकीट देणेही कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने बंद केले होते. जी अट पाळण्याचे साधनच उपलब्ध नाही, ती अट म्हणजे नाव न घेता केलेली बंदीच होती. शिवाय हिंदी माणसाकडे उतरताना २०० डॉलर असणे आवश्यक होते. १९१३ या एका वर्षात कॅनडाने चार लाखांहून अधिक स्थलांतरितांना प्रवेश दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न संख्येचा नव्हता हे स्पष्ट होते.

नोव्हेंबर १९१३ मध्ये पनामा मारू या दुसऱ्या जपानी जहाजाने आलेल्या हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने हुकुमातील तांत्रिक दोषामुळे प्रवेश मिळवून दिला होता. गुरदितसिंगांच्या आशेला हा आधार होता. परंतु कोमागाटा मारू पोचण्यापूर्वीच सरकारने हुकुमातील दोष दुरुस्त केले.

व्हँकूव्हरमधील दोन महिने

२३ मे १९१४ रोजी जहाज व्हँकूव्हरच्या बरार्ड खाडीत आले. त्याला धक्क्याला लागू देण्यात आले नाही. किनाऱ्यापासून अंतर राखून नांगर टाकावा लागला आणि भोवती पहाऱ्याच्या होड्या फिरू लागल्या. पूर्वीपासून कॅनडात राहणारे वीस प्रवासी, तसेच जहाजावरील डॉक्टर व त्यांचे कुटुंब यांना उतरू दिले गेले. बाकीच्यांसाठी जहाज हाच तुरुंग झाला.

थांबलेल्या जहाजालाही खर्च असतो. भाड्याचे हप्ते थकले असते तर मालकांना करार मोडून जहाज परत नेता आले असते आणि न्यायालयात जाण्याआधीच प्रकरण मिटले असते. म्हणून हुसेन रहीम, भागसिंग, बलवंतसिंग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या किनाऱ्यावरील समितीने वर्गणी जमवून सुमारे २२,००० डॉलर भरले आणि करार आपल्याकडे घेतला. लाकूड कारखान्यांत व शेतांवर राबणाऱ्या माणसांनी हा पैसा उभा केला होता. दरम्यान जहाजावर गोडे पाणी व अन्न यांची टंचाई वारंवार निर्माण होत होती आणि ते पुरवायचे कोणी, भाडेकरूने की सरकारने, यावर पत्रव्यवहार चालू राहिला.

समितीचे वकील एडवर्ड बर्ड यांनी मुन्शी सिंग या प्रवाशाचा दावा कसोटीचा खटला म्हणून चालवला. ६ जुलै रोजी अपील न्यायालयाने एकमताने प्रवाशांच्या विरोधात निर्णय दिला. आता प्रश्न उरला तो जहाज हलवण्याचा. अधिकाऱ्यांनी कप्तानाला बॉयलर पेटवण्यास सांगितले. परतीच्या प्रवासासाठी पुरेसा शिधा मिळाल्याखेरीज जहाज हलू देणार नाही अशी प्रवाशांची भूमिका होती आणि त्यांनी खलाशांना काम करू दिले नाही. १९ जुलैच्या पहाटे 'सी लायन' ही ओढबोट सुमारे १६० पोलीस व शिपाई घेऊन जहाजाला भिडली. कोमागाटा मारूचे डेक ओढबोटीच्या पुष्कळ वर होते. वरून कोळशाच्या ढेकळांचा व विटांचा असा वर्षाव झाला की हल्लेखोरांना माघार घ्यावी लागली. इंजिनासाठीचा कोळसा येथे शस्त्र म्हणून वापरला गेला.

त्यानंतर सरकारने 'रेनबो' ही युद्धनौका आणली. कॅनडाच्या नव्या नौदलाच्या पहिल्या दोन नौकांपैकी ती एक होती. योगायोग असा की, रेनबो १८९१ मध्ये पाण्यात उतरलेली, म्हणजे कोमागाटा मारूपेक्षा एकाच वर्षाने लहान होती. अखेर परतीचा शिधा देण्याचे सरकारने मान्य केले आणि २३ जुलै रोजी रेनबोच्या पहाऱ्यात जहाज प्रशांत महासागराकडे निघाले.

परतीचा प्रवास आणि बज बज

जहाज महासागरात असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑगस्टच्या मध्यास ते योकोहामाला पोचले. हाँगकाँगने प्रवाशांना स्वीकारण्यास नकार दिला आणि सिंगापूरलाही कोणाला उतरू दिले नाही. तेथे ज्यांची नोकरी व बिऱ्हाडे होती, त्यांनाही नाही. ५ सप्टेंबर रोजी हिंदुस्थान सरकारने एक वटहुकूम काढून बाहेरून येणाऱ्या व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा वा त्यांच्या हालचालींवर बंधने घालण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. जहाज तेव्हा अजून वाटेतच होते.

२६ सप्टेंबरला हुगळी नदीच्या मुखाजवळ जहाज थांबवून झडती घेण्यात आली. २९ सप्टेंबर रोजी ते कलकत्त्याच्या दक्षिणेस असलेल्या बज बज येथे लागले. प्रवाशांना खास आगगाडीने थेट पंजाबला पाठवण्याची योजना होती. बहुतेकांनी ती नाकारली आणि गुरुग्रंथसाहिब घेऊन ते कलकत्त्याच्या दिशेने पायी निघाले. त्यांना अडवून मागे आणण्यात आले व सायंकाळी स्टेशनाजवळ झालेल्या झटापटीत गोळीबार झाला. त्यात सुमारे २० प्रवासी मारले गेले. पोलीस, अधिकारी व स्थानिक रहिवाशांपैकीही काहींचा मृत्यू झाला. दोनशेहून अधिक प्रवाशांना कैद झाली. गुरदितसिंग निसटले आणि १९२१ मध्ये नानकाना साहिब येथे स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

सहा महिन्यांच्या भाडेकराराची मुदत या सुमारास संपत आली होती.

या घटनेचे पडसाद गदर चळवळीत उमटले. महाराष्ट्राशी असलेला दुवाही याच चळवळीचा आहे. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे नोव्हेंबर १९१४ मध्ये 'सलामिस' या दुसऱ्या जहाजाने अमेरिकेतून कलकत्त्यास परतले आणि गदरच्या उठावाच्या तयारीत सामील झाले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे त्यांना फाशी देण्यात आली. कोमागाटा मारूवर मात्र ते नव्हते. काही लेखनात ही दोन जहाजे एकच मानली जातात, म्हणून हा उल्लेख.

अखेरची वर्षे

बज बजनंतर जहाज आपल्या नेहमीच्या मालवाहतुकीकडे परतले. १९२४ मध्ये त्याचे नाव हेइआन मारू असे बदलण्यात आले. हे त्याचे चौथे नाव. ११ फेब्रुवारी १९२६ रोजी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर आदळून ते नष्ट झाले. १९३० मध्ये बांधलेले आणि १९४४ साली ट्रुक येथे बुडालेले हेइआन मारू हे प्रवासी जहाज वेगळे आहे. नावसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत करू नये.

टपाल तिकीट, नाणी व स्मारके

२०१४ च्या कॅनेडियन तिकिटावर जहाज व त्यावरील प्रवासी यांची जुन्या छायाचित्रांवर आधारित प्रतिमा आहे. १९१४ मध्ये व्हँकूव्हरच्या बंदरात घेतलेल्या छायाचित्रांमुळे जहाजाचे व प्रवाशांचे स्वरूप आज आपल्याला माहीत आहे. डेकवर दाटीने उभे असलेले, फेटे बांधलेले आणि बहुतेक पाश्चात्त्य पोशाखातील पुरुष त्यांत दिसतात. फिकट रंगाच्या सुटातील गुरदितसिंग आणि त्यांचा लहान मुलगा यांचे छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. टपाल तिकिटांवर सहसा त्या त्या देशाला अभिमान वाटेल अशी जहाजे येतात. ज्या जहाजाला आपल्या बंदरातून हाकलून लावले त्याचेच चित्र शंभर वर्षांनी तिकिटावर छापणे हे त्यामुळे वेगळे ठरते.

भारत सरकारनेही २०१४ मध्ये या घटनेच्या स्मरणार्थ ५ व १०० रुपयांची नाणी काढली. बज बज येथील हुतात्मा स्मारकाचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले आणि तेथील रेल्वे स्थानकाला आता कोमागाटा मारू बज बज असे नाव आहे. व्हँकूव्हरमध्ये, जेथून जहाज दिसत असे त्या कोल हार्बर भागात, २०१२ मध्ये स्मारक उभारण्यात आले. ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने मे २००८ मध्ये माफीचा ठराव केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे येथील एका जाहीर मेळाव्यात माफी मागितली. परंतु ती संसदेत मागितली जावी असा शीख समाजातील अनेकांचा आग्रह होता. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये औपचारिक माफी मागितली.